मृगाला किती वेळा विचारायचं?

१० ऑगस्ट १९९२, सोमवार. दर सोमवारी सकाळी ऑफिसातल्या चारही टर्मिनलांचे कळफलक उलटे करून झटकायचे, हे काम माझ्याकडे होतं. आतून शेंगदाण्याची टरफलं, ज्वारीचा भुसा, कापसाचे तंतू असं काय काय निघायचं. तिसरा कळफलक हातात होता तेव्हा एक बाई आत आल्या. उंच, सडपातळ, पस्तिशीच्या. खांद्याला कापडी पिशवी. कुणाला काही न विचारता त्या पहिल्या टर्मिनलसमोर बसल्या, तुरीच्या माहितीचं पान मागितलं आणि बोटाच्या पेरानं टेबलावर ठोके देत मोठ्यानं मोजायला लागल्या. “एक, दोन, तीन, चार…”

पान चव्वेचाळीसला आलं. बाईंनी पिशवीतून शाळेतल्या पोरांची असते तशी पाटी काढली, तिच्यावर ४४ लिहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “हे पान रोज किती जण उघडतेत?”

“मला काय माहीत? तुम्ही कोण?”

“खंदारे. जोडणीच्या कामाला आलेय. किती जण उघडतेत?”

मी म्हटलं, वीस-पंचवीसदा उघडत असेल. बाई म्हणाल्या, “म्हंजी रोज पाव तास ह्या हापिसातली माणसं काळ्या काचेकडं बघत बसतेत.” आणि दुसरं पान मागवून पुन्हा एक, दोन, तीन. तोवर आमचे हेडक्लार्क मुळे चहा घेऊन दारात आले होते. “शैलाताई, या बाई कसला जप करायल्यात?” असं त्यांनी मला विचारलं, पण आवाज खोलीभर जाईल एवढा ठेवून. बाईंनी मान वळवली नाही. “सतरा,” म्हणाल्या आणि पाटीवर लिहिलं.

ही निर्मला खंदारे यांची आणि माझी पहिली भेट. बाई आता नाहीत. पण मी आज ज्या कामावर पोट भरते, त्या कामातली अक्कल त्यांच्याकडून आलेली आहे. म्हणून हे लिहून ठेवते.

आमचं ऑफिस म्हणजे परभणीतलं एक लहानसं पीक सल्ला केंद्र. आठ माणसं, एक संगणक, त्याला जोडलेली चार टर्मिनलं. संगणकात एक सामायिक टिपणवही होती. एकेका पिकाचं, किडीचं, खताचं एकेक पान. आठांपैकी कुणीही कुठलंही पान उघडावं, त्यात भर घालावी, चुकलं असेल ते दुरुस्त करावं. आज ह्याला विकी म्हणतात आणि शाळेतल्या मुलांनाही ते ठाऊक असतं. तेव्हा आमच्याकडे त्याला नाव नव्हतं. आम्ही ‘वही’ म्हणायचो.

वहीचा मूळ प्रोग्राम पुण्याहून आलेला, बंद पेटीसारखा. त्याच्या आत आम्हाला हात घालता येत नव्हता. पण एक सोय होती. पानात एक खूण टाकली की वही आपलं काम थांबवून बाहेरच्या एखाद्या प्रोग्रामला हाक मारायची, त्याचं उत्तर घ्यायची, ते पानात चिकटवायची आणि पुढे जायची. पाऊस दाखवायचा असेल, तक्ता हवा असेल, तर तसा प्रोग्राम बाहेर लिहून वहीला जोडायचा. आता मुलं प्लगिन म्हणतात. आम्ही जोडणी म्हणायचो, आणि मुळे शेपूट म्हणायचे. बाईंच्या आधी कुणीकुणी हौसेनं पाच-सहा शेपटं लावून ठेवली होती. त्यामुळे वही अशी चालायची, की बैल परवडला.

उशीर म्हणजे नुसता वैताग नव्हता. जिंतूरहून, येलदरीहून कृषी सहायक फोन करायचे, तोही ट्रंक कॉल, तीन मिनिटांचा. समोर शेतकरी किडका फाटा घेऊन उभा. “बाई, तुरीच्या शेंगंला भोक पडायलंय, काय मारू?” तुरीचं पान यायला चव्वेचाळीस सेकंद, पुढचं पान यायला अजून तेवढेच, आणि मी औषधाचं नाव सांगेपर्यंत लाइन तुटायची. तो माणूस तालुक्याला पुन्हा कधी येणार?

बाई ह्यासाठीच योग्य होत्या, कारण त्या आधी नांदेडला टेलिफोनच्या कामावर हंगामी होत्या. दिवसभर कानाला यंत्र लावून ट्रंक कॉल जोडायच्या. संध्याकाळी संगणकाचा वर्ग केला. त्या म्हणायच्या, “कॉल लावायला येळ जातो, बोलायला न्हाई. म्हणून एकदा लाइन लागली की समदं बोलून घ्यावं. ठेवून परत लावायचा न्हाई.” आमच्या एका जुन्या जोडणीत खताच्या तक्त्यातल्या दर ओळीसाठी वही बाहेर हाक मारत होती. चाळीस ओळी, चाळीस हाका. दर हाकेला तो प्रोग्राम उठायचा, डोळे चोळायचा, फाइल शोधायचा, एक ओळ द्यायचा आणि पुन्हा झोपायचा. बाईंनी एका हाकेत सगळा तक्ता मागवला. छत्तीसवरून चारवर. पाटीवर ४ लिहिलं, मुळ्यांना दाखवलं आणि पुसून टाकलं.

“कागदावर लिहा की बाई, साहेबांना दाखवता येईल,” मी म्हटलं.

“उद्या पान वाढंल, आकडा बदलंल. मेलेला आकडा कागदावर ठेवून काय करता?”

त्या रोज चुडाव्याहून गाडीनं यायच्या. चुडावा, पूर्णा, परभणी. घरी आई आणि दोन धाकट्या बहिणी, आणि कमावणारं माणूस एकच. त्यांच्या पायाला सारखा ठेका असायचा. कुणी लांबण लावली की उठून उभ्या राहायच्या. “मुद्दा सांगा, गाडी हाय माझी.” हे त्या सकाळी अकरालाही म्हणायच्या. त्या दिवसांत गाडीतलं वातावरण बरं नव्हतं. विद्यापीठाच्या नावाचा वाद पुन्हा तापला होता आणि डब्यात माणसं आधी आडनाव विचारायची, मग सरकून जागा द्यायची की नाही ते ठरवायची. बाईंनी एकदा सहज सांगितलं. एकानं विचारलं, “आडनाव काय म्हणायचं?” बाई म्हणाल्या, “तिकीट बघायलात का आडनाव?”

“मग जागा दिली?” मी विचारलं.

“मी उभीच असते. उतरायला सोपं पडतंय.”

ऑफिसातही त्या स्वतःचा स्टीलचा पेला आणायच्या. मी वर्षभर तो पेला पाहिला आणि त्यांना कधी विचारलं नाही. मी जिंतूरच्या जमीनदार घरातली, मला विचारायची गरज पडली नाही. हेही लिहून ठेवते.

पावसाच्या जोडणीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. येलदरीच्या धरणावरून रोज सकाळी आठला फोनवर पावसाचा आणि पाण्याचा आकडा यायचा. आधीच्या माणसानं असं करून ठेवलं होतं की कुणीही कुठलंही पान उघडलं की जूनपासूनच्या सगळ्या आकड्यांची बेरीज नव्यानं व्हायची. बाई म्हणाल्या, “आकडा दिवसातून एकदा येतो, मग बेरीज दिवसाला शंभरदा कशापायी? भाकरी सकाळी थापून ठेवावी. पाव्हणा दारात आल्यावर जात्यावर बसायचं न्हाई.” त्यांनी साडेआठला एकदा बेरीज करून तयार ओळ ठेवून दिली. पान ती ओळ नुसती उचलायचं.

पुढे एक दिवस मुळे आकडा टाकायचा विसरले. पानावर कालचाच पाऊस आजचा म्हणून दिसत राहिला आणि पूर्णा काठच्या एका माणसाला मी तोच सांगितला. बाई मुळ्यांना एक शब्द बोलल्या नाहीत. स्वतःवर चिडल्या. “भाकरी थापून ठिवली, पण शिळी कवा होती ते ठरवलंच न्हाई की.” दुपारपर्यंत पानावर, आकडा नवा नसेल तर ‘हा आकडा कालचा आहे’ अशी ओळ यायला लागली. मुळे म्हणाले, “बाई, हे माझी चुगली करणारं शेपूट आहे.” बाई म्हणाल्या, “तुमची न्हाई, माझी. माझ्याच कामावर माझा भरवसा न्हाई, म्हणून लावलंय.”

वर्षभरात मी त्यांच्याशेजारी बसून प्रोग्राम लिहायला शिकले. त्या शिकवायच्या म्हणजे माझा प्रोग्राम चालवायच्या आणि मोजायच्या, एवढंच. शाबासकी कधी नाही. आकडा लहान झाला तर “हं” म्हणायच्या.

मग मी माझी पहिली जोडणी लिहिली. शेतकरी तारखेत बोलत नाही, नक्षत्रात बोलतो. “मृगात पेरलं, आर्द्रा कोरडी गेली, आश्लेषाच्या पाण्यानं पातं गळालं.” आमचे सहायकही पानात तसंच लिहायचे. केंद्राचे प्रमुख असलेले साहेब मात्र लातूरला शहरात वाढलेले. त्यांना आश्लेषा म्हणजे कधी हे दर वेळी विचारावं लागायचं. मी ठरवलं, पानात नक्षत्राचं नाव आलं की पुढे कंसात त्या वर्षीच्या तारखा आपोआप याव्यात. पंचांगातून दहा वर्षांच्या तारखा टाइप करून मी फाइल बनवली. नाव आलं की वही माझ्या प्रोग्रामला हाक मारणार, तो पंचांग उघडणार, वरपासून वाचत जाणार, तारीख देणार. करडईच्या पानावर चालवून पाहिलं. तिथं नक्षत्रं दोनच. सहा मोजेपर्यंत पान आलं. मी खूश.

बाईंनी माझा प्रोग्राम वाचला. पाटी काढलीच नाही.

“शैलाबाई, मृग वर्षातून एकदा निघतो ना?”

“हो.”

“आन् तुमी त्याला दर ओळीला विचारायल्यात, बाबा कवा निघतूस, कवा निघतूस. त्यो तरी किती येळा सांगंल?”

मी हसले. त्या हसल्या नाहीत. “सत्तावीस नक्षत्रं. वर्षाच्या सुरुवातीला एकदा सत्तावीस तारखा काढून ठिवा. मग नुसतं उचला. आन् करडईवर मोजू नका. लहान पानावर समदेच पैलवान. कापूस लावून बगा.”

कापसाचं पान म्हणजे आमच्या वहीतलं सर्वात लांब पान. आठही माणसांनी तीन वर्षं त्यात भर घातलेली. मी म्हटलं, करते उद्या. उद्या काही केलं नाही. परवाही नाही. सहा आकडा मला पुरेसा वाटत होता आणि बाईंचं टोचणं थोडं लागलंही होतं. जोडणी मी तशीच बाजूला ठेवली.

आता मुख्य गोष्ट. बाईंची नेमणूक सहा-सहा महिन्यांची होती. सहा महिने झाले की एक दिवस खंड, मग नवा आदेश. त्र्याण्णवच्या डिसेंबरात औरंगाबादहून तीन जणांची समिती यायची होती. त्यांनी ‘जोडणीचं पद आवश्यक’ असं लिहिलं तर बाई कायम होणार होत्या. ‘आवश्यक नाही’ लिहिलं तर नवा आदेश निघणार नव्हता. बाई ह्याबद्दल बोलत नसत. फक्त त्या महिन्यात पायाचा ठेका वाढला होता आणि त्या प्रत्येक पान दिवसातून दोनदा मोजत होत्या. सगळी पानं दहाच्या आत आणली होती. कापूससुद्धा नऊवर.

समिती सोमवारी येणार होती. आदल्या शनिवारी बाई रजेवर होत्या, धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे येणार होते म्हणून. मला काय वाटलं ते स्पष्ट लिहिते. मला वाटलं, नक्षत्रांच्या तारखा पाहून समिती थक्क होईल. केंद्राचं नाव होईल आणि त्यात थोडं माझंही. मी माझी जोडणी सगळ्या पानांना लावली. खूण टाकायची मुभा आठही जणांना होती. करडई उघडून बघितलं, सहा. घरी गेले.

सोमवारी बाईंची गाडी उशिरा आली. त्या पोचल्या तेव्हा समिती येऊन बसली होती, त्यामुळे सकाळची मोजणी झालीच नाही. समितीचे अध्यक्ष कमी बोलणारे, बारीक चष्म्याचे गृहस्थ होते. साहेबांनी तयार ठेवलेलं ज्वारीचं पान त्यांनी हातानं बाजूला सारल्यासारखं केलं. म्हणाले, “तुमच्याकडे सर्वात जास्त काय विचारतात?”

“कापूस,” साहेब म्हणाले.

“मग कापूस दाखवा.”

बाईंनी कापूस मागितला. सवयीनं बोटाचं पेर टेबलावर आलं आणि त्या मोजायला लागल्या. दहा झाले. वीस झाले. काच काळीच. यंत्रातून आवाज यायला लागला, किर्र-टक, किर्र-टक, एकाच लयीत. बाईंचं मोजणं थांबलं. त्यांनी मान तिरकी करून तो आवाज ऐकला आणि माझ्याकडे पाहिलं. मला त्याच क्षणी कळलं की त्यांना कळलंय. यंत्र एकाच जागी पुन्हा पुन्हा जात होतं. माझं पंचांग उघडत होतं, मिटत होतं.

“माझ्याकडं उघडून बघतो,” मुळे म्हणाले आणि त्यांनीही दुसऱ्या टर्मिनलवर कापूस मागितला.

“मुळे, हात काढा!” बाई ओरडल्या. पण उशीर झाला होता. आता दोन पंचांगं उघडत होती. लय बिघडली, यंत्र कण्हायला लागलं, चारही काचा गोठल्या.

“सर, हे थांबवून पुन्हा लावते,” बाई म्हणाल्या.

“थांबवू नका. किती वेळ लागतो ते पाहू.”

बाईंनी मान हलवली आणि जिथं सोडलं होतं तिथून पुढे मोजायला सुरुवात केली. मोठ्यानं. कुणी त्यांना मोजायला सांगितलं नव्हतं. मी भिंतीला टेकून उभी होते. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, सर, ही जोडणी माझी आहे. ते मी दर दहा आकड्यांनी म्हणणार होते. मुळे शेजारच्या सदस्यांना हळू म्हणाले, “कोट्यातनं आलेल्या कामाचा हाच वेग असायचा, सर.” ते सदस्य हसले नाहीत, पण काही बोललेही नाहीत. मीही नाही.

पान अकरा मिनिटांनी आलं. नक्षत्रांची नावं एकशे सदतीस वेळा होती आणि प्रत्येकापुढे कंसात नेटक्या तारखा होत्या.

अध्यक्षांनी विचारलं, “जोडण्यांचं काम कुणाकडे आहे?”

“माझ्याकडं,” बाई म्हणाल्या. “जबाबदारी माझी.”

अध्यक्षांनी आपल्या हातातल्या वहीत एक ओळ लिहिली आणि समिती जेवायला गेली.

मी बाईंना जिन्यात गाठलं. “तुम्ही का घेतलं अंगावर? तुम्ही सांगितलं होतं मला. पाटी पुसली नसती तर…”

“पाटीचं काय घेऊन बसलात. आज सकाळी पाटीवर मी कापूस मोजलाच न्हवता.” त्या पायऱ्या उतरतच होत्या, मला मागे धावावं लागत होतं. “चोरी झाली की कुलूपवाल्याला विचारतेत. कुणीबी कुठंबी खूण टाकावी, ही मुभा मीच ठिवली. पंधरा मोजूस्तोर उत्तर आलं न्हाई तर जोडणी सोडून पुढं जा, एवढी एक ओळ घालायची होती. घातली न्हाई. समद्यावर भरवसा ठिवला. ही माझी चूक हाय, ती तुमची न्हाई.”

“पण मी सांगते साहेबांना.”

त्या थांबल्या. पहिल्यांदाच पाय स्थिर होता. “सांगा न्हाईतर नका सांगू. पन तिथं मी कसं सांगू? मी म्हणले असते की शैलाबाईंचं हाय, तर काय दिसलं असतं? खंदारेबाईनं दुसरीवर ढकललं. तुमचं ढकललेलं कुणाला दिसत न्हाई. आमचं लगेच दिसतंय.” मग नेहमीचं, “चला, गाडी हाय माझी,” आणि गेल्या. गाडीला अजून तीन तास होते.

दुपारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि टेबलावरचा पेपरवेट फिरवत म्हणाले, “शैला, तुमची नोकरी कायम आहे. वडिलांना मी ओळखतो. तुमच्या नावावर कशाला ठपका घेता? बाईंचं तसंही सहा महिन्यांचंच होतं. समितीचा अहवाल उद्या दुपारी टाइप होईल. जाऊ द्या.”

ते वाईट माणूस नव्हते. त्यांना खरोखरच वाटत होतं की ते माझ्यावर उपकार करताहेत. आणि मलाही, दार लोटून बाहेर येईपर्यंत, क्षणभर हलकं वाटलं. हा हलकेपणा मला अजून आठवतो. त्यानंतर संध्याकाळी घरी मी कणीक दोनदा भिजवली, कारण पहिल्यांदा भिजवलेली झाकून ठेवली हेच लक्षात राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी विश्रामगृहावर गेले. अध्यक्ष व्हरांड्यात दाढी करून चहा घेत बसले होते. मी बसले नाही. कालची जोडणी मी लिहिली, खंदारेबाईंनी महिनाभर आधी दुरुस्ती सांगितली होती, मी ती केली नाही आणि त्या रजेवर असताना सगळ्या पानांना लावली, हे चार वाक्यांत सांगितलं.

“त्यांनी पाठवलं तुम्हाला?”

“त्यांना माहीत नाही. त्यांची गाडी आत्ता पूर्ण्यात असेल.”

“मग काल का नाही बोललात?”

“घाबरले.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “हे लिहून द्याल? तुमच्या सेवापुस्तकात जाईल.”

मी व्हरांड्याच्या कठड्यावर कागद ठेवून लिहिलं. कालची अकरा मिनिटं लिहिली, आणि त्याआधी बाईंनी कापसाचं पान नऊ सेकंदांवर आणलं होतं तेही लिहिलं. सही केली. त्यांनी वाचलं, कप खाली ठेवला, आपली वही उघडली आणि एक ओळ आडवी खोडली. मग पेन तसंच हातात धरून म्हणाले, “कायम करणं माझ्या एकट्याच्या हातात नाही. ‘आवश्यक’ एवढं मी लिहू शकतो. खंदारे… पहिलं नाव काय त्यांचं?”

“निर्मला.”

त्यांनी ते लिहिलं. मी नमस्कार केला आणि रिक्षा न करता चालत ऑफिसला आले.

ऑफिसात कुणी नव्हतं. मी एकेक पान उघडून माझी खूण काढायला लागले. ज्वारी, तूर, मूग, करडई. साठ-सत्तर पानं झाली असतील तेव्हा दारात पिशवी खुंटीला लावल्याचा आवाज आला. बाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. मी कुठून आले ते त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

“काय चाललंय?”

“खुणा काढायलेय. कापूसच राहिलाय.”

“त्याच्यातली ठिवा.” त्यांनी शेजारची खुर्ची ओढली. “सत्तावीस तारखा आदी काढून घ्या. मग कापसावरच मोजू.”

मी कापसाचं पान तसंच सोडलं, जुना प्रोग्राम पुसला आणि पहिल्या ओळीपासून नवा लिहायला घेतला.